निर्मलाला नदी ओलांडायची मनाई होती

बस बाघ नदीच्या पुलावर चढली आणि निर्मला माझ्या अंगावर कोसळली.

डोकं माझ्या मांडीवर, डोळे अर्धे उघडे, आणि डोळ्यांतला पांढरा भाग हळद फासल्यासारखा पिवळा. मी हाक मारली. उत्तर नाही. गालावर चापट मारली, तरी नाही. बसमध्ये गलका झाला. कोणी म्हणे पाणी आणा, कोणी म्हणे गाडी थांबवा. माझा दीर श्रावण पुढच्या सीटवरून धडपडत आला. त्याने आधी आपल्या बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सांगितलं होतं तुमाले, वहिनी. नदीपार नेऊ नोका म्हनून."

ड्रायव्हरने पुलाच्या मधोमध ब्रेक मारला. फाल्गुन लागला होता. खाली नदी म्हणजे वाळूत दोन-तीन धारा, काठाला डांगराच्या वाड्या (टरबुजाचे वेल लावलेली वाळू) आणि कपडे धुणाऱ्या चार बाया. त्याही मान वर करून बघायला लागल्या.

"अम्मा, वापस ले लूं? किरनापुर उतार देता हूं," ड्रायव्हर म्हणाला.

"गोंदियाले घे."

"रस्ते में मर गई तो?" मागून कोणीतरी बोललं.

"मेली तर माझ्या मांडीवर मरंल. तुले काय त्रास? तू आपल्या थैल्या सांभाळ."

बस पुढे निघाली. मी निर्मलाच्या नाकाजवळ बोट धरून बसले. श्वास होता, पण बारीक.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते. सांगायलाच पाहिजे, कारण तिला या पुलापर्यंत आणणारी मी आणि त्याआधी वैद्याकडे नेणारीही मीच.

निर्मला माझी देरानी (धाकटी जाऊ). आमचं गाव किरनापुरच्या अलीकडे, सडकेपासून आत. मी चौथी शिकले आहे. बसची पाटी आणि औषधाची पुडी वाचता येते, म्हणून घरातल्या दवाखान्याच्या फेऱ्या माझ्याच गळ्यात असतात. निर्मलाच्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं आणि नंतर किमोच्या सलाईनी सुरू झाल्या. दोन सलाईनींत तिचे केस गेले, तोंडात फोड आले. आमच्या घरी चिन्नोर तांदूळ शिजला की वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. त्याच वासाने ती उलट्या करायला लागली. तिसऱ्या सलाईनीच्या आधी म्हणाली, "बाई, मी आता जात नाही. मरीन तर घरी मरीन."

तिला मरू द्यायचं माझ्या मनात नव्हतं. गावातल्या एकीने सांगितलं, बैहरच्या पुढे जंगलात एक वैद्यबाबा आहे, नुसत्या मुळ्यांनी गाठी विरघळवतो. गाठी विरघळतात यावर माझा विश्वास बसला नाही. पण मी हिशेब केला, मुळीने भूक आली तर तिसरी सलाईन सोसेल. हेही करू आणि तेही करू. नंतर कळलं, वैद्याच्या अंगणात आलेले बहुतेक सगळे हाच हिशेब करून आले होते.

पौषात निघालो, मी आणि निर्मला दोघीच. जीपने बालाघाट, बसस्टँडवर शेव टाकलेले पोहे. तिने दोन घास खाल्ले, बाकीचे मी संपवले. मग बैहरची बस. घाट लागला तशी थंडी कानात शिरली. दोन्ही बाजूला सरईची (सालाची) झाडं, मधे बांबूची बेटं, आणि उन्हाचे तुकडे सडकेवर पडलेले. निर्मला लग्न होऊन आली तेव्हापासून किरनापुर, गोंदिया आणि आता नागपूर, एवढंच तिने पाहिलेलं. खिडकीला नाक लावून बसली. आजारी बाई जंगल बघून खूश होते, हे मला त्या दिवशी कळलं.

घाटावर चहासाठी बस थांबली. वैद्यासाठी आणलेला नारळ मी पिशवीत वरच ठेवला होता. एक माकड आलं, नारळ उचलला आणि झाडावर. मी चप्पल फेकून मारली. नारळ गेलाच, चप्पलही दरीत गेली.

शेजारच्या सीटवरचा एक म्हातारा हसता हसता गाल धरून बसला. भरवेलीच्या खाणीतून रिटायर झालेला माणूस, डोंगरे नाव. गालात गाठ होती, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं.

"बाई, हसवू नोका. दुखते," तो म्हणाला. "माह्याजवळ दोन नारळ आहेत. एक घ्या."

"तुमीही वैद्याकडेच काय?"

"हौ. तिसरी खेप. उमर खाणीत काढली, मॅंगनीजची धूळ खाल्ली, तिनं काही केलं नाही. खर्ऱ्यानं (तंबाखू-सुपारीच्या पुडीने) मारलं. तोंड उघडत नाही म्हनून बायको मात्र खूश आहे."

निर्मला हसली. सलाईन सुरू झाल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. चप्पल गेल्याचं दुःख मी तिथेच सोडून दिलं. उकव्याला मॅंगनीजने भरलेले ट्रक दिसले तेव्हा डोंगरेभाऊंनी आम्हाला खाण अशी दाखवली जशी कोणी आपलं सासर दाखवावं. बैहरला मी हिरव्या पट्ट्याच्या रबरी चपला घेतल्या. तिथून सहा जणांच्या ऑटोत अकरा जण बसून गेलो. शेवटचा टप्पा कापून गेलेल्या धानाच्या बांध्यांतून पायी.

वैद्याचं घर मातीचं, पांढऱ्या मातीने सारवलेलं. अंगणात वीसेक माणसं बसली होती. मी येड्यागबाळ्यांची जत्रा असेल असं समजले होते. तसं काही नव्हतं. एक मास्तरीण होती, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतला एक कंत्राटदार होता. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या थैलीत दवाखान्याची फाईल. कोणीही फाईल घरी ठेवून आलं नव्हतं. पण बाहेरही कोणी काढत नव्हतं.

आमचा नंबर आला. बाबा माझ्याच वयाचा, साठीच्या आसपासचा, बारीक, डोळे स्वच्छ. त्याने निर्मलाची नाडी धरली आणि किती तरी वेळ सोडली नाही. झोप लागते का, स्वप्नात काय दिसतं, मुलं किती, घरी कोणी टाकून तर बोलत नाही, असं सगळं विचारलं. मग तिच्या डोक्यावरचा रुमाल बाजूला केला आणि त्या टकलावर हात ठेवला. निर्मला रडली. ऑपरेशनला रडली नव्हती, केस गेले तेव्हा रडली नव्हती, इथे रडली. नागपूरला तिला कोणी हात लावला नव्हता असं नाही. पण ते सगळे हातमोजे होते.

त्याने सालीची भुकटी फडक्यात बांधून दिली. नव्या मडक्यात भिजवायची, सकाळी उपाशीपोटी प्यायची. म्हणाला, अंगातलं विष बाहेर पडेल तेव्हा त्रास होईल, घाबरायचं नाही. मग नियम सांगितले. दुसऱ्या कोणत्याही वैद्य-डॉक्टरसमोर या औषधाचं नाव काढायचं नाही. आणि तीन अमावस्या होईपर्यंत नदी ओलांडायची नाही, नाहीतर औषध उलटतं.

"बाबा, आमच्या घरी जाताना चार नाले लागते," मी म्हणाले. "ते कसे करायचे?"

रांग हसली. बाबाही हसला. "नाला चलेगा, अम्मा. बड़ी नदी नहीं."

मी मनात नकाशा काढला. एकीकडे बाघ, दुसरीकडे वैनगंगा. आमच्या गावाहून नागपूरला जा नाहीतर जबलपूरला, मोठ्या दवाखान्याला जायचं म्हणजे यातली एक नदी ओलांडावीच लागते. नदी नाही म्हणजे सलाईन नाही. हे मला त्याच क्षणी कळलं. आणि मी गप्प बसले. मी गप्प बसणारी बाई नाही, पण निर्मलाच्या डोक्यावर त्याचा हात होता आणि तिचे डोळे मिटलेले होते.

वैद्याच्या घरच्यांनी आम्हाला कोदोचा भात (बारीक भरड धान्याचा) आणि कुळथाचं कढण वाढलं. निर्मलाने ताट पुसून खाल्लं. भात चांगलाच होता.

घरी आल्यावर तिला खरंच भूक लागायला लागली. गावात बातमी पसरली. बाया बघायला यायच्या. तिसऱ्या सलाईनीची तारीख आली आणि गेली. नागपूरहून फोन आला, तो श्रावणने कापला. मी बघितलं आणि म्हटलं, खाते आहे ना, खाऊ द्या. आता वाटतं, भूक तर सलाईन थांबली म्हणूनही आली असेल.

दुसरी अमावस्या झाल्यावर तिला खाज सुटली. मग लघवी गडद झाली. मग डोळे पिवळे.

श्रावण म्हणाला, "बाबांनी सांगितलं होतं, वहिनी. इख (विष) बाहेर पडते."

"बाहेर पडून राह्यलं का आत जाऊन राह्यलं, हे तुले काय माहीत?"

"मग एक महिना थांबा. एकच अमावस्या राह्यली."

मी अंगणात जाऊन मडकं उचललं आणि दगडावर आपटलं. शेजारी धावत आले. श्रावण फार संतापला. मी उरलेली भुकटी मात्र फेकली नाही, कमरेला खोचली. मग निर्मलाजवळ बसले.

"बाई, नदी ओलांडली अन् मेली तं?" तिने विचारलं.

"अन् न ओलांडता मेली तं?"

श्रावण दारात उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "माही निळी साडी काढा."

अशा रीतीने आम्ही त्या पुलावर पोचलो होतो.

पूल संपला. रजेगाव मागे पडलं. गोंदियाकडची शेतं लागली तेव्हा निर्मलाने डोळे उघडले.

"ओलांडली?"

"हौ."

"मंग पानी द्या."

तेव्हा कळलं, आदल्या दिवसापासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. नदी ओलांडताना पोट रिकामं असलं की औषधाला उलटायला काही मिळणार नाही, असं तिने स्वतःच ठरवलं होतं. चक्कर आली ती त्याने. नदीचा त्यात काही हात नव्हता. श्रावण खिडकीकडे तोंड करून बसला.

गोंदियाला स्टेशनाजवळच्या एका डॉक्टरने तिला पाण्याची सलाईन लावली आणि म्हणाला, उशीर करू नका. दुपारची गाडी मिळाली. डब्यात एका कुटुंबाने आम्हाला जागा दिली, वर बाजरीची भाकर आणि लसणाची चटणीही दिली. तिरोडा गेल्यावर गाडी पुलावर चढली, खडखडाट सुरू झाला.

निर्मला आडवीच होती. "ही कोनती?"

"वैनगंगा."

"म्हनजे दोन झाल्या," ती म्हणाली आणि पिवळ्या डोळ्यांनी हसली.

नागपूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने रक्ताचा कागद हातात धरून उभ्याउभ्याच विचारलं, "काही जडीबुटी घेतली का?"

"नाही," श्रावण म्हणाला.

निर्मलाने माझ्याकडे पाहिलं. औषधाचं नाव काढायचं नाही, हा नियम आम्हा तिघांनाही माहीत होता. मी कमरेची पुडी काढली आणि डॉक्टरणीच्या टेबलावर, कागदांवर, मोकळी केली.

"हे. दोन महिने."

ती चिडली. "अहो, काय हा अडाणीपणा! लिव्हर जात होतं यांचं. आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कोनी?" मी म्हणाले. "आमी दोनदा आलो. तुमी फाईलकडे पाहता, सलाईन लिहिता, पुढचा नंबर. तो बाबा अर्धा तास तिचा हात धरून बसला. अडाणी तं अडाणी. पन ती त्याच्याकडे काहून गेली हे तुमाले समजत नसन, तं उद्या दुसरी जाईल."

श्रावणने माझा पदर ओढला. मी पदर सोडवून घेतला.

डॉक्टरीण स्टूल ओढून निर्मलासमोर बसली. माझ्याशी नाही, तिच्याशी बोलली. "यात काय आहे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

"नाही, मॅडम."

"किमोबरोबर हे पोटात काय करतं, ते देणाऱ्यालाही माहीत नसणार. काही झाडं चांगलीच असतात. पण मला माहीत नसेल तर मी तुम्हाला वाचवू शकत नाही. जेवणातली हळद जेवणात राहू द्या. पुडी, काढा, राख, जे काय घ्याल ते आधी मला दाखवा. मी ओरडले तरी दाखवा."

"ओरडता तुमी लई," निर्मला म्हणाली.

"हो. ओरडते," ती म्हणाली आणि तिने निर्मलाचा हात धरला. हातमोजा होताच. पण धरला.

आम्ही धर्मशाळेत राहिलो. खाज गेली, मग डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. रक्त ठीक आल्यावर तिसरी सलाईन लागली. श्रावण गावाकडे परतला आणि मी त्याला सांगितलं की आता दवाखान्याचा फोन आला की उचलायचा.

चौथ्या सलाईनीच्या आधी निर्मलाला घरी आणलं आणि मी एकटी बैहरला गेले. श्रावण म्हणाला, कशाला उगाच. मी उगाच गेले नव्हते. मला ते अंगण डोळ्यांसमोरून जात नव्हतं, त्या थैल्या आणि त्यांतल्या फायली. ऊन तापलं होतं. घाटात मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया टोपल्या घेऊन चालल्या होत्या आणि सगळ्या बसमध्ये तो गोड वास भरला होता. माकडांसमोरून जाताना मी पिशवी पोटाशी धरली.

बाबाने मला ओळखलं. "वो बहू कैसी है?"

"जित्ती आहे. नदी पार करून." मग मी सगळं सांगितलं. डोळे पिवळे झाले ते, मडकं फोडलं ते, पुलावरचं, दवाखान्यातलं. रांगेतली माणसं ऐकत होती. तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने मान खाली घालून ऐकलं.

"बाबा, हा नदीचा नियम कोनी काढला?"

"मेरे दादा ने," तो म्हणाला. "तब पुल कहां था, अम्मा. मरीज नदी पार गया मतलब बरसात भर गया. आंख से ओझल. दवा उलटी पड़े तो कौन देखे? इसलिए मना था."

"म्हनजे रोग्यावर नजर राहावी म्हनून."

"हां."

"आता पूल आहे. अन् तिच्यावर नजर ठेवनारे नदीपार बसले आहेत. तुमी नियम ठेवला अन् कारन सोडून दिलं."

तो फडक्यात भुकटी बांधायला लागला. मी म्हणाले, मग हे रांगेत सांगा. तो बांधतच राहिला. चाळीस वर्षं सांगितलेली गोष्ट माणूस एका दुपारी कशी मागे घेईल? मग मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि मीच सांगितलं. ज्यांच्या थैलीत फाईल आहे त्यांनी ती काढा. औषध घेता तर डॉक्टरला दाखवा. सलाईनीची तारीख असेल तर नदी ओलांडा. काही जणांनी तोंड फिरवलं. एक बाई म्हणाली, हिची देरानी वाचली म्हणून ही देवी झाली. बाबाने मला थांबवलं नाही, एवढं मात्र खरं.

भिंतीशी डोंगरेभाऊ बसले होते. मी आधी ओळखलंच नाही, गाल इतका सुजला होता. तोंड आता एका बोटाएवढंही उघडत नव्हतं. प्रत्येक खेपेला त्यांना आणखी तीन अमावस्या मिळत गेल्या होत्या. घरची माणसं नागपूरला चला म्हणून सांगून थकली होती आणि मग बाबावरच विसंबली होती.

"बाई," ते दातांमधून म्हणाले, "सोबत याल?"

मी गेले. त्यांची बायको, ते आणि मी. बालाघाटहून गोंदियाची बस. पूल आला तेव्हा त्यांनी सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे गच्च मिटले. पलीकडे गेल्यावर एक डोळा उघडून मला म्हणाले, "अजून जित्ता हाओ."

नागपूरचा डॉक्टर म्हणाला, सहा महिन्यांपूर्वी आणलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं. आता शेकच (रेडिएशन) द्यायचा. त्यांनी शेक घेतला, पूर्ण घेतला. मधे एकदा धर्मशाळेत निर्मला आणि ते शेजारी बसून नळीने ताक पीत होते, आणि ती त्यांना सांगत होती की तिच्या डोक्यावर केस येताहेत, पण कुरळे येताहेत.

मी घरी परत आले आहे. उन्हाळा गेला, धान लागलं, कापलं गेलं. डोंगरेभाऊंची बायको म्हणते, तुम्हीच त्यांना नदीपार नेलं. खरं आहे. मीच नेलं. निर्मलाला जंगलात नेणारीही मीच आणि परत आणणारीही मीच. गावात कोणी म्हणतं मी वैद्याच्या विरोधात आहे, कोणी म्हणतं मी त्याच्याकडून पैसे खाल्ले. माझं म्हणणं एवढंच आहे: कोणीही हात धरला तर धरू द्या, पण कोणी नदी ओलांडू नका म्हणाला तर त्याला कारण विचारा, आणि तिथल्या तिथे विचारा. मी पौषात विचारायला हवं होतं. पुन्हा कोणी सोबत याल का म्हणून विचारलं, तर पुन्हा जाईन.

डोंगरेभाऊ दिवाळीच्या आधी गेले. निर्मला जिवंत आहे.